फेब्रुवारीतला चातक

बसा खाली. एकेकानं उभं राहून खुलासा द्यायची गरज नाही, तुमचे खुलासे मला तोंडपाठ आहेत. 'मॅडम, यादी ग्रुपमधल्या दुसऱ्यानं भरली.' 'मॅडम, ॲप अडकलं होतं.' 'मॅडम, आम्ही गेलो होतो, पण पक्षीच नव्हते.' हा शेवटचा तर सोन्यानं मढवून ठेवावा असा आहे. पक्षी नव्हते, आणि यादीत त्रेचाळीस जाती!

काल रात्री मला एक मेल आला. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर एखादी नोंद ऋतूशी किंवा जागेशी जुळत नसली, की पक्ष्यांचे जाणकार ती तपासतात आणि नोंदवणाऱ्याला विचारतात. ही माणसं स्वतःच्या वेळात, बिनपगारी हे काम करतात. आपल्या याद्या कॉलेजच्या खात्यावरून जातात, म्हणून विचारणा माझ्याकडे आली. भाषा अगदी सौजन्याची. तुमच्या विद्यार्थ्यांना वेताळ टेकडीवर फेब्रुवारीत चातक दिसला आहे, फोटो किंवा वर्णन मिळू शकेल का? बस्स, एवढंच. इतक्या मऊ शब्दांत इतकी सणसणीत चपराक मी आजवर खाल्ली नव्हती.

चातक, फेब्रुवारीत! अरे, शाळेत 'चातकासारखी वाट पाहणे' वाक्यात वापरून मार्क मिळवलेत ना? तो कशाची वाट पाहतो, एवढं तरी आठवायचं. आपल्याकडे चातक येतो तो मे संपता संपता, जूनमध्ये, पावसाच्या जरा पुढे, आफ्रिकेहून समुद्र ओलांडून. सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, पोरं त्यांच्या गळ्यात टाकतो आणि पावसाळा सरला की चालू लागतो. टेकडीवरचं गवत वाळून करडं पडलेलं असताना तो तिथे काय करणार? आणि त्या बाजूच्यांनी हसू नका. तुमच्या ग्रुपनं नवरंग लावलाय. नवरंगही पावसाळ्याच्या तोंडावर इकडे येतो, थंडीत तो दक्षिणेत आणि श्रीलंकेत असतो. दोन ग्रुपांनी मिळून फेब्रुवारीत पावसाळा आणलात. हवामान खात्याला कळवायला हवं.

चोरी कशी पकडली ते सांगते. पुढच्या वेळी सुधारून कराल अशी भीती आहे, तरी सांगते.

चातक नसता तरी तुम्ही सापडलाच असता. आकडे बघा. बुलबुल १०, मैना २०, पोपट ५०. पक्षी इतक्या शिस्तीत बसत नाहीत. खरं मोजणारा ७ लिहितो, १३ लिहितो; थवा मोठा असला आणि अंदाज केला असला, तर शेऱ्यात तसं लिहितो. मग वेळ बघा. पंधरा मिनिटांत त्रेचाळीस जाती, म्हणजे दर वीस सेकंदांना एक नवा पक्षी. त्यात ओळखायचं कधी, लिहायचं कधी आणि वडापाव कधी खायचा? पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. सहापैकी चार याद्यांत कावळा नाही. पारवा नाही. पुण्यातल्या टेकडीवर उभं राहून ज्याला कावळा दिसला नाही, तो टेकडीवर गेलेलाच नाही. तुम्ही कॅफेत बसलात, 'पुण्यातले पक्षी' असं शोधलंत आणि लग्नाची स्थळं निवडावीत तसे देखणे देखणे तेवढे घेतलेत. उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकले होते. तुम्ही उंटाचेही कष्ट घेतले नाहीत.

आता ही एक यादी बघा. अकरा जाती. कावळे १४, पारवे ३१, घारी २, लालबुड्या बुलबुल ५, वेडे राघू ३, असं करत शेवटची ओळ: 'ओळखता आला नाही, १. चिमणीएवढा, मातकट तपकिरी. शेपटी विटकरी, सारखी थरथरते. दगडावर बसतो, खाली उतरून काहीतरी टिपतो, पुन्हा त्याच दगडावर.' शेजारी पेन्सिलनं चित्र काढलंय, ते पक्ष्यापेक्षा बटाट्याच्या जवळचं आहे. यादी कुणाची ते सांगणार नाही. तिला तुमच्यातच वर्ष काढायचंय.

तो पक्षी थिरथिरा, त्याची मादी. हिमालयात आणि तिबेटकडे उंचावर वीण करतो, थंडीत आपल्याकडे उतरतो, उन्हं तापायला लागली की परत जातो. तुम्ही ज्या दगडांवर बसून सेल्फी काढता, त्याच दगडांवर ही बाई सगळा हिवाळा काढते. घरबसल्या मला ती ओळखता आली, कारण पोरीनं जेवढं दिसलं तेवढंच लिहिलं आणि नाव येत नाही तर येत नाही म्हणून लिहिलं. तुमच्या त्रेचाळीस नावांवरून मला एकही पक्षी ओळखता येत नाही. नावं मात्र सगळी शुद्ध, स्पेलिंगसकट.

तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतं. एवढं काय त्यात? जर्नलमध्ये रीडिंग मॅनेज करतो, तसंच हे. तुम्ही लंबकाचे आकडे उत्तरावरून मागे जाऊन भरता, हे सगळ्या स्टाफरूमला ठाऊक आहे. तेही वाईटच. पण त्या लबाडीनं गुरुत्वाकर्षणाचं काही बिघडत नाही, त्याचं उत्तर जगाला आधीच माहीत आहे. या फेब्रुवारीत टेकडीवर किती वेडे राघू होते, याचं उत्तर कुठल्याही पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेलं नाही. ते त्या सकाळी तिथे असणाऱ्यालाच मिळतं आणि सकाळ गेली की हातचं गेलं. त्या रिकाम्या जागेत तुमची खोटी ओळ जाऊन बसली, की तिला खोडून काढणारी खरी ओळ दुसऱ्या कुणाकडे असेलच असं नाही.

यादी पाठवण्याआधी ई-बर्ड एक प्रश्न विचारतं. तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवलेत का? सहाही ग्रुपांनी बेधडक 'हो' दाबलंय. तो प्रश्न कशासाठी असतो, हे मी फळ्यावर लिहून सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही फळ्याचा फोटो काढत होतात. परत सांगते. तुम्ही 'हो' म्हणालात, की यादीत नसलेला पक्षी हा तिथे न दिसलेला पक्षी धरला जातो. अशा शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत अमुक पक्षी सापडतो, हे वर्षानुवर्षं बघून तो वाढतोय की घटतोय याचा अंदाज बांधतात. म्हणजे शोभत नाही म्हणून कावळा गाळलात, तेव्हा या टेकडीवर कावळा दिसला नाही अशी तुम्ही लेखी साक्ष दिलीत. नसलेला चातक आणलात आणि असलेला कावळा मारलात. वर पंधरा मिनिटांची वेळही टाकलीत, तीही खोटी.

२०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला. ९४२ जातींचा आढावा, आणि तो कशावर उभा? सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या तीन कोटी नोंदींवर. त्यातले बहुतेक हौशी लोक. नोकरी-धंदा सांभाळून भल्या सकाळी तळ्यावर, माळावर, गच्चीवर उभे राहून त्यांनी मोजलं. ज्या ३३८ जातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला, त्यांतल्या साठ टक्के घटलेल्या निघाल्या. हा आकडा आपल्याच वर्गातून वक्तृत्व स्पर्धेत ठणकावून सांगितला गेला आणि ढाल मिळाली. ढाल प्राचार्यांच्या कपाटात आहे. आणि पुढच्या अहवालासाठी आपल्या वर्गानं काय पाठवलं? दोन पावसाळी पाहुणे आणि कावळ्यांचा दुष्काळ.

वक्तृत्वावरून आठवलं. 'मोबाइल टॉवरनं चिमण्या खाल्ल्या' हे भाषण आता कायमचं बंद. दरवर्षी २० मार्चला तेच भाषण, त्याच जागी तोच हुंदका. याच अहवालाच्या २०२० च्या आवृत्तीत चिमणी देशभर मिळून साधारण टिकून असल्याचं दिसलं. मोठ्या शहरांत मात्र ती कमी झाली. टॉवरच्या लहरींविरुद्ध ठोस पुरावा सापडला नाही. संशय आहे तो पिलांना भरवायला लागणारे किडे कमी होण्यावर आणि घरटं करायच्या फटी, वळचणी जाण्यावर. हुंदका देणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या गल्लीत एकदा तरी चिमण्या मोजल्यात? हात वर करा. कळलं. भुसारवाल्याच्या दुकानापुढे सकाळी पंधरा मिनिटं उभे राहा, मोजा, मग रडायचं की नाही ते ठरवा.

आता टेकडी. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी पुणेकर रस्त्यावर उतरले, तेव्हा तुम्ही शाळेत होतात. काहींनी आईबाबांबरोबर फलकही धरला असेल. चांगलं केलंत. पण टेकडीतून काढायच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा किंवा बोगद्याचा विषय निघाला, की समोरून एकच प्रश्न येतो: तिथे आहे तरी काय? वाळलेलं गवत आणि गिरिपुष्पाची लागवड. या प्रश्नाला घोषणा हे उत्तर चालत नाही. गवतात तित्तिर आहेत, खाणीच्या पाण्यावर अमुक महिन्यात अमुक येतात, मोर इतके, हिवाळी पाहुणे इतके, हे तारीखवार दाखवावं लागतं. आज ना उद्या कुणीतरी तुमच्या नोंदी उघडणार आणि उघडणारा टेकडीचा मित्रच असेल असं समजू नका. पहिल्याच पानावर त्याला फेब्रुवारीतला चातक दिसला, तर तो दुसरं पान उलटेल का? 'पोरांनी मनानं भरलंय' म्हणून गठ्ठा बाजूला सारेल, आणि त्या गठ्ठ्यात त्या मुलीचा थिरथिराही जाईल. तिनं काय घोडं मारलं होतं तुमचं?

हे कमी होतं म्हणून एका बहाद्दराचा पराक्रम ऐका. हा खरोखर टेकडीवर गेला होता, एवढं श्रेय देते. जाताना ब्लूटूथ स्पीकर घेऊन गेला. दयाळाचं गाणं लावलं, नर जवळ आला, फोटो मिळाला. किती हुशार! अरे, त्या नराला काय वाटलं असेल? आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. तो खाणं सोडून, जोडीदारीण सोडून त्या नसलेल्या शत्रूला हुसकायला येतो, फुगतो, ओरडतो, आणि तू शेपटी फोकसमध्ये येत नाही म्हणून तेच गाणं परत लावतोस. पुढे बुलबुलाच्या घरट्याची फांदी खाली ओढून रील केलीस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या वाचून ये. पक्ष्याची अंडी किंवा घरटं छेडणं त्या व्याख्येत बसतं. बंदूक घेतलेली नव्हती म्हणून शिकारी नव्हतो, असं तिथे लिहिलेलं नाही. ती रील आजच्या आज काढ. घरटं कुठे आहे तेही सगळ्या जगाला दिसतंय त्यात.

आणि आवाजावरून पक्षी सुचवणाऱ्या मर्लिन ॲपला साक्षीदार करणाऱ्यांना एक गोष्ट सांगते. फोन हवेत धरायचा आणि जे नाव येईल ते उतरवायचं, याला ऐकणं म्हणत नाहीत. बाभळीवर खाटीक बसतो ना, काट्यावर टोळ टोचून ठेवणारा, तो इतर पक्ष्यांच्या नकला करतो. एकटा बसून चार-पाच जणांचे आवाज काढतो. फोन बापडा ऐकेल तेवढं सांगणार. मान वर करून बाभळीवर कोण आहे ते बघायचं काम त्याचं नाही, तुमचं आहे. ॲप सुचवतं, तुम्ही खात्री करता, खात्री नसेल तर लिहीत नाही. इतकं सोपं आहे.

'टेकडी लांब पडते, क्लास असतो.' हेही ऐकून झालं. बरं, टेकडी राहू दे. डावीकडची तिसरी खिडकी, वरचा कोपरा. बघा सगळ्यांनी. तो मातीचा गोळा दिसतोय? शिपाईमामांनी दोनदा खरवडायला घेतला, मी थांबवलं. कुंभारीण माशीचं घरटं आहे ते. दिवाळीच्या आधी तिचं काम चाललं होतं. नळाखालच्या ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून ती या वर्गात येत-जात होती, मी इथे कीटकवर्ग शिकवत होते आणि तुम्ही मैदानाकडे बघत होतात. एकेक गोळी पसरून नळी करायची, मग कोळी शोधायचे. त्यांना डंख मारून लुळं करायचं. मारत नाही, कारण मेलेला कोळी सडतो आणि आतल्या अळीला ताजं खाणं लागतं. नळीत कोळी खच्चून भरायचे, अंडं घालायचं, तोंड लिंपायचं, पुढच्या नळीला लागायचं. परीक्षेत 'कीटकांचे जीवनचक्र' यावर तुम्ही आकृतीसह पाच मार्क घेतलेत आणि तेच चक्र डोक्यापासून चार हातांवर फिरत होतं.

आता त्या गोळ्याला भोकं पडलीत, म्हणजे आतल्या माशा बाहेर पडून गेल्या. रिकामं घर आहे, उघडायला हरकत नाही. उद्या स्टुलावर चढून काढायचं, पांढऱ्या कागदावर फोडायचं, चिमट्यानं प्रत्येक नळीतले उरलेले पाय, कातडी वेगळी करायची. कोळी एकाच तऱ्हेचे आहेत की मिळेल ते आणलंय? कुठल्या नळीतून माशी निघालीच नाही? तिथे आत काय सापडतं? याची उत्तरं मलाही माहीत नाहीत आणि नेटवर शोधून मिळणारही नाहीत, कारण या खिडकीतलं घरटं कुणी फोडलेलं नाही.

शहरात नवीन काय सापडणार, असंही एकजण मघाशी पुटपुटला. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक अगदी नवी जात नोंदली गेली. ठाणे-कल्याण, जिथे लोकलला लोंबकळायलाही जागा नाही तिथे. २६/११ च्या रात्री अतिरेक्याला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळेंचं नाव त्या कोळ्याला दिलं, आयसियस तुकारामी. ज्यांना तो सापडला, त्यांनी चपलेकडे हात नेण्याआधी नीट बघितलं होतं.

नीट बघायला वेळ लागतो, ही तुमची खरी अडचण. १९३० मध्ये सालिम अलींच्या हाताला नोकरी नव्हती. अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी पावसाळाभर सुगरणींची वसाहत न्याहाळली. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर आत मुक्काम करते, मग तो ते पुरं करतो आणि लगेच दुसरीसाठी दुसरं विणायला घेतो. हे त्याआधी कुणी इतकं नीट लिहिलेलं नव्हतं. हातात ना ॲप, ना लेन्सचा डबा. तुमच्याकडे खिशात जगभराच्या पक्ष्यांचे आवाज आहेत आणि पंधरा मिनिटं नाहीत.

काही पालकांचेही फोन येऊन गेले. 'मॅडम, टेकडीवर साप असतात.' असतात. पूर्ण बूट घालायचे, हात कुठे घालतोय ते बघायचं, दगड उलटायचे नाहीत. याच पालकांची मुलं रात्री अकराला हेल्मेटशिवाय स्कूटर पळवतात, त्याचा फोन मला अजून एकदाही आलेला नाही. घरी हे असंच्या असं सांगितलंत तरी चालेल.

शनिवारी सकाळी सव्वासहाला टेकडीच्या पायथ्याशी. साडेसहाला मी चालायला लागेन, मागे वळून बघणार नाही. पाणी, टोपी, वही, पेन्सिल. पेन नको, दवानं पसरतं. दुर्बीण दोघांत एक. स्पीकर दिसला तर माझ्या पिशवीत जाईल आणि वार्षिक परीक्षेनंतर मिळेल. प्रत्येकाची यादी वेगळी, ग्रुपची एक चालणार नाही. ओळखता आलं नाही तर रंग, आकार, कुठे बसला, काय करत होता ते लिहायचं. पंधरा मिनिटांत काहीच दिसलं नाही तर 'काही दिसलं नाही' असं लिहायचं, वेळ घालायची आणि खाली सही करायची. मी त्याला पूर्ण मार्क देईन. त्रेचाळीसवाल्यांना यावेळी शून्य आहे, आणि ते मी मनानं भरलेलं नाही.

आता राहिलं त्या याद्यांचं. मी पुसणार नाही. ज्यांनी टाकल्या, त्यांनीच काढायच्या. कॉलेजच्या खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे आहे. काढा फोन, आत्ता, इथेच. चातकवाल्यांनी आधी यायचं. मेल लिहिणाऱ्या त्या गृहस्थांना उत्तरही तुम्हीच लिहायचं. चार ओळी, मराठीत चालेल, खुलासा नको, 'आम्ही गेलो नव्हतो' एवढं स्पष्ट लिहा. पाठवण्याआधी मला दाखवा. मागच्या बाकावरचे दोघे, घड्याळाकडे बघू नका. घंटा झाली तरी कुणी हलणार नाही, केमिस्ट्रीच्या सरांना मी आधीच सांगून ठेवलंय.